पूर वारंवारता विश्लेषण

पूर वारंवारता विश्लेषण ही नदीच्या विसर्गाच्या जुन्या नोंदींवरून, ठरावीक आकाराचा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची संभाव्यता काढण्याची सांख्यिकीय पद्धत आहे. पूल, धरणांचे सांडवे आणि पूररेषा यांच्या आखणीत ती वापरली जाते. अतिवृष्टीच्या नोंदींनाही ती लागू पडते.

पद्धत

प्रत्येक वर्षातील कमाल विसर्ग घेऊन ते उतरत्या क्रमाने मांडतात. नोंदींच्या एकूण वर्षांत एक मिळवून त्या बेरजेला पुराच्या क्रमांकाने भागले असता त्याचा पुनरावृत्ती काळ मिळतो. उदाहरणार्थ, ४९ वर्षांच्या नोंदींत पहिल्या क्रमांकाच्या पुराचा पुनरावृत्ती काळ ५० वर्षे, तर पाचव्याचा १० वर्षे येतो. नोंदींपलीकडच्या पुराचे अनुमान करण्यासाठी या मूल्यांना योग्य संभाव्यता वितरण जुळवावे लागते.

वितरणाची निवड

वार्षिक एकूण पाऊस पुष्कळ ठिकाणी प्रसामान्य वितरणाच्या जवळ असतो. मासिक पाऊस शून्याखाली जात नाही, पण क्वचित फार मोठा असतो. त्याला गॅमा वितरण अधिक जुळते. वार्षिक कमाल मूल्यांसाठी गुंबेल वितरण प्रचलित आहे. एमिल युलियस गुंबेल (१८९१–१९६६) यांनी १९४१ मध्ये पुरांच्या पुनरावृत्ती काळावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत लॉग-पिअर्सन प्रकार ३ हे वितरण वापरले जाते.

अर्थ आणि गैरसमज

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर नव्हे. तो कोणत्याही वर्षी येण्याची संभाव्यता १ टक्का असते; आदल्या वर्षी तो येऊन गेला तरी ती घटत नाही. नदीकाठच्या घरात ३० वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर किमान एकदा अनुभवावा लागण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के असते.

मर्यादा

नोंदी परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि नदीखोऱ्याची व हवामानाची स्थिती बदललेली नाही, असे या पद्धतीत गृहीत धरतात. धरणे, पात्रातील भराव, वाढते शहरीकरण आणि हवामानबदल यांमुळे हे गृहीतक ढळते. कोल्हापुरात पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. असे पूर थोड्या काळात येणे केवळ योगायोगानेही शक्य असते. तथापि अशा वेळी नव्या नोंदी धरून वितरण पुन्हा जुळवणे आणि पूररेषा तपासणे आवश्यक ठरते.