भुंगेऱ्यांची जातिनिश्चिती

भुंगेऱ्यांची जातिनिश्चिती : शेतात, रानात वा घरात आढळलेला भुंगेरा कोणत्या जातीचा आहे हे त्याच्या छायाचित्रावरून आणि तो जेथे आढळला तेथे केलेल्या निरीक्षणांवरून ठरविण्याची रीत. कीटक वर्गातील कोलिऑप्टेरा हा भुंगेऱ्यांचा गण प्राणिसृष्टीतील अतिशय मोठा गण असून त्यात सु. ४ लाख जातींचे वर्णन झालेले आहे. आतापर्यंत ज्ञात असलेल्या प्राणिजातींपैकी सु. एक-चतुर्थांश जाती एकट्या भुंगेऱ्यांच्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात ‘काळा, चकचकीत, सु. एक सेंमी. लांब’ अशा वर्णनाने जात सांगणे शक्य नसते. छायाचित्राने हे काम पुष्कळ सोपे केले आहे. परंतु सर्व भुंगेऱ्यांच्या बाबतीत सारखेच नाही. काही जाती छायाचित्र पाहताक्षणी ओळखू येतात, काहींच्या बाबतीत वंशापर्यंत, तर काहींच्या बाबतीत केवळ कुलापर्यंतच जाता येते व पुढचा निर्णय नमुना हाती घेतल्याशिवाय देता येत नाही. कोठे थांबावे हे कळणे हा या कामाचा महत्त्वाचा भाग होय. कारण चुकीच्या नावाचा परिणाम पिकांवर, साठविलेल्या धान्यावर आणि शेतकऱ्याच्या खर्चावर होतो.

गण व कुल : भुंगेऱ्याच्या पुढील पंखांचे कठीण कवच झालेले असते. हे दोन कवचपंख पाठीच्या मध्यावर एका सरळ रेषेत मिळतात व त्यांच्याखाली उडण्याचे पातळ पंख घडी करून ठेवलेले असतात. ही मधली सरळ रेषा छायाचित्रात प्रथम पाहावी. ढेकणांच्या गणातील (हेमिप्टेरा) कित्येक कीटक भुंगेऱ्यांसारखे दिसतात. पण त्यांचे पंख एकमेकांवर चढलेले असतात व मुखांगे चावण्यासाठी नसून सोंडेसारखी, रस शोषणारी असतात. झुरळाचेही पंख एकमेकांवर येतात.

कुल ठरविताना शृंगिका (स्पर्शेंद्रिये) फार उपयोगी पडतात. शेणातील भुंगेरे, गेंडा भुंगेरा व हुमणीचे भुंगेरे यांच्या शृंगिकांच्या टोकाला पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडमीट होणाऱ्या पाकळ्या असतात. सोंड्या भुंगेऱ्यांच्या शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असून त्या सोंडेवर उगवतात, तर खोडकिड्यांच्या कुलातील (सेरँबिसिडी) लांबशिंग्या भुंगेऱ्यांत त्या पुष्कळदा शरीराहूनही लांब असतात. पायांच्या टोकाच्या बारीक पेऱ्यांची संख्या हेही मोठे लक्षण आहे. फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुलात (मेलॉइडी) पुढील दोन जोड्यांना पाच-पाच व मागील जोडीला चार पेरी असतात. ढालकिड्यांत ती तीनच भासतात. मात्र साध्या छायाचित्रात ही पेरी क्वचितच मोजता येतात. भक्षक भू-भुंगेरे व वाघ भुंगेरे ज्या उपगणात (अडेफॅगा) मोडतात त्याचे मुख्य लक्षण तर उदराच्या खालच्या बाजूस, मागील पायांच्या बुडाशी असते. पाठीकडून घेतलेले चित्र कितीही सुंदर असले, तरी ते त्यात दिसत नाही.

ढालकिडे : छायाचित्रावरून होणाऱ्या ओळखीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही या कुलात (कॉक्सिनेलिडी) चांगल्या दिसतात. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याचे (कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टॅटा) कवचपंख तांबडे व तकतकीत असतात. प्रत्येक पंखावर तीन काळे ठिपके आणि दोहोंच्या सांध्यावर पुढे एक सामाईक ठिपका असतो. नागमोडी काळ्या पट्ट्यांचा ढालकिडा (चायलोमेनीस सेक्समॅक्युलॅटा) पिवळसर नारिंगी असतो. या दोहोंच्या अळ्या व प्रौढ मावा खाऊन जगतात आणि म्हणून शेतीला उपकारक आहेत. याच कुलातील एपिलॅक्ना किंवा हड्डा भुंगेरा (हेनोसेपिलॅक्ना व्हिजिंटिऑक्टोपंक्टॅटा) मात्र वांगी, बटाटा इ. पिकांची पाने खातो. त्याचा रंग तांबूस तपकिरी असून प्रत्येक कवचपंखावर जास्तीत जास्त चौदा काळे ठिपके असतात.

ठिपके मोजून निर्णय देण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण या कुलात ठिपक्यांची संख्या फारशी भरवशाची नाही. ते एकमेकांत मिसळतात, कमी होतात वा नाहीसेही होतात. आशियातील हार्मोनिया ॲक्सिरिडिस या जातीत तर शंभराहून अधिक रंगप्रकार आढळतात. काही पिवळे व ठिपकेदार, काही काळे व त्यावर दोन तांबडे डाग असलेले. थीओडोसियस डॉबझॅन्स्की यांनी १९२४ साली याच जातीतील विविधतेवर लेखन केले होते. ठिपक्यांपेक्षा पृष्ठभाग अधिक विश्वसनीय ठरतो. मावा खाणाऱ्या वरील ढालकिड्यांचे कवच गुळगुळीत व चमकदार असते, तर हड्डा भुंगेऱ्यावर बारीक लव असल्याने तो निस्तेज दिसतो. जवळून व मंद, पसरलेल्या प्रकाशात घेतलेल्या चित्रात ही लव स्पष्ट उमटते. झगमगत्या प्रकाशझोतात ती हरवते.

अळ्यांतील फरक याहून ठळक आहे. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची अळी करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी डागांची, लांब पायांची व चपळ असून माव्याच्या घोळक्यात हिंडताना दिसते. हड्ड्याची अळी पिवळी, मंद व फांद्या फुटलेल्या काट्यांनी आच्छादलेली असते. ती पानाच्या शिरांमधील हिरवा भाग खरवडून खाते व पान जाळीदार होते. अंड्यांवरून मात्र सहसा काही सांगता येत नाही. दोघांचीही अंडी पिवळी, उभी व पुंजक्याने घातलेली असतात. पान कुरतडलेले आहे की नाही आणि जवळ मावा आहे की नाही हे पाहूनच तेथे अंदाज बांधावा लागतो. वांग्यावर मावाही पडतो, त्यामुळे ‘वांग्यावर सापडला म्हणून हड्डा’ हा तर्कही बरोबर नाही.

ही ओळख चुकली की नुकसान दुहेरी होते. ढालकिड्याची काळी अळी अनेकांना घातक वाटते. तिला कीड समजून विषारी फवारा मारल्यास भक्षक मरतात. मावा मात्र नराविना व थेट पिले घालून वाढत असल्याने लवकर पूर्ववत होतो. फवाऱ्याचा खर्च होऊनही त्याचा उपद्रव वाढू शकतो.

हुमणी : महाराष्ट्रात ऊस, भुईमूग इ. पिकांच्या मुळ्या खाणारी हुमणी ही स्कॅराबिइडी कुलातील काही भुंगेऱ्यांची अळी होय. होलोट्रिकिया सेराटा या जातीचे भुंगेरे वळवाच्या वा मृगाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ यांसारख्या झाडांवर जमून पाला खातात व पहाटेपूर्वी पुन्हा जमिनीत शिरतात. झाड, वेळ व पाऊस यांची नोंद असलेले साधे चित्रही येथे बरेच काही सांगते. तथापि या वंशातील जाती एकसारख्या तपकिरी असल्याने निर्णायक लक्षण नराच्या जननेंद्रियाच्या आकारात शोधावे लागते आणि त्यासाठी नमुन्याचे विच्छेदन आवश्यक असते. अळ्यांच्या बाबतीत उदराच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूवरील काट्यांची मांडणी भिंगाखाली पाहतात. छायाचित्रकार सहसा अळीचे डोके टिपतो आणि नेमका हाच भाग सोडून देतो.

शेणखताच्या खड्ड्यातील प्रत्येक पांढरी, वाकडी अळी हुमणी नसते. तीत फुलभुंगेऱ्यांच्या (सेटोनिइनी उपकुल) अळ्या पुष्कळ असतात. त्या कुजके पदार्थ खातात. अळी सपाट जागेवर ठेवावी. फुलभुंगेऱ्याची अळी पाय वर करून पाठीवर सरपटत जाते. हुमणी तसे करीत नाही. कोणत्याही स्थिर चित्रापेक्षा ही दोन मिनिटांची परीक्षा अधिक खात्रीची आहे. नारळाच्या बागांत आढळणाऱ्या गेंडा भुंगेऱ्याच्या (ओरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस) अळ्याही खतातच वाढतात. प्रौढाने नारळाचा कोवळा कोंब पोखरला, की उमललेल्या झावळीवर त्रिकोणी काप दिसतात. त्यावरून भुंगेरा न दिसताही त्याची ओळख पटते.

वर्तन व रंग : काजव्यांच्या बाबतीत निरीक्षणाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. कित्येक काजव्यांत नराच्या प्रकाशाची उघडझाप ठराविक अंतराने होते व ती त्या त्या जातीची खूण असते. एच्. एस्. बार्बर यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फोट्यूरिस वंशातील दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या अमेरिकी जाती या प्रकाशखुणांच्या आधारे वेगळ्या केल्या आहेत. सह्याद्रीत मे-जून महिन्यांत काजव्यांनी भरलेल्या झाडांची जी छायाचित्रे काढली जातात ती बहुधा दीर्घ प्रकाशनाची किंवा अनेक चित्रे एकत्र करून बनविलेली असतात. ती नेत्रसुखद असली, तरी त्यांत उघडझापीचा काळ पुसला गेलेला असतो व जातिनिश्चितीला त्यांचा उपयोग नाही. घड्याळ लावून केलेली टिपणे वा चलच्चित्र येथे हवे.

उलटपक्षी रंगाच्या बाबतीत जिवंत प्राण्याचे छायाचित्र संग्रहालयातील नमुन्यापेक्षा सरस ठरू शकते. कासव भुंगेऱ्यांपैकी काहींचा सोनेरी झळाळ कवचातील ओलाव्यामुळे असतो. कीटक वाळला की तो नाहीसा होतो. जवाहिरी भुंगेऱ्यांची (ब्युप्रेस्टिडी) झळाळी मात्र कवचाच्या सूक्ष्म थरांच्या रचनेमुळे असल्याने टिकते. पण ती पाहण्याच्या कोनानुसार बदलत असल्यामुळे एकाच चित्रावरून ‘हिरवा’ किंवा ‘निळा’ असे नोंदविणे धोक्याचे असते. दख्खनच्या कोरड्या भागात आढळणारा सहा पांढऱ्या ठिपक्यांचा काळा भू-भुंगेरा (अँथिया सेक्सगुट्टॅटा) एका चित्रावरून ओळखता येतो. अग्रवक्षावर दोन व कवचपंखांवर चार ठिपके पुरेसे आहेत. तो आम्ल उडवीत असल्याने डोळे फार जवळ नेऊ नयेत.

धान्यातील भुंगेरे : साध्या छायाचित्राची सर्वांत ठळक मर्यादा घरातील तांदळाच्या डब्यातच आढळते. तांदळातील सोंडा (सिटोफायलस ओरायझी) व मक्यातील सोंडा (सिटोफायलस झीमेस) या दोन जाती बाहेरून जवळजवळ सारख्या असतात. नराच्या शिश्नाची वरची बाजू पहिल्यात गुळगुळीत, तर दुसऱ्यात दोन उभ्या खाचांची असते. खात्रीचा फरक तोच. खाप्रा भुंगेरा (ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम) हा आंतरराष्ट्रीय धान्यव्यापारात निषिद्ध मानला गेलेला कीटक असून एका अळीच्या ओळखीवर जहाजातील माल अडविला जाऊ शकतो. त्याच्या वंशातील निरुपद्रवी जाती त्याच्यासारख्याच दिसत असल्याने अळीची मुखांगे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. अशा ठिकाणी छायाचित्राला फक्त संशय घेण्यापुरती किंमत आहे.

चित्रण व नोंद : एकाच भुंगेऱ्याची वरून, बाजूने, समोरून व शक्य झाल्यास खालून अशी चित्रे घ्यावीत, त्यांपैकी एकात मिलिमीटरची पट्टी असावी. दिनांक, वेळ, स्थळ, वनस्पती, तिचा खाल्ला जाणारा भाग, आणि कीटक दिव्यावर आला की दिवसा सापडला, ही माहिती त्याच वेळी लिहून ठेवावी. आठवणीने नंतर लिहिलेली वनस्पतीची नावे पुष्कळदा चुकतात.

भारतीय जातींसाठी फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालेतील चार्ल्स गॅहन (१९०६), डब्ल्यू. डब्ल्यू. फाउलर (१९१२) व गिल्बर्ट ॲरो (१९१० पासून) यांचे खंड अद्याप वापरले जातात. मात्र त्यांतील कोष्टके टाचणीला लावलेल्या नमुन्यांवरून तयार केलेली असल्याने छायाचित्र घेऊन ती वाचणाऱ्याची जागोजागी अडचण होते. भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्था (स्थापना १९१६) आणि नवी दिल्ली येथील राष्ट्रीय पुसा संग्रह येथे तुलनेसाठी नमुने जपून ठेवलेले आहेत. २००८ साली सुरू झालेल्या आयनॅचरॅलिस्ट या नोंदसंग्रहात २०१७ पासून संगणक चित्र पाहून नाव सुचवितो. त्याने पाहिलेल्या चित्रांत एखादी जात नसेल, तर तिच्यासारख्या दिसणाऱ्या परदेशी जातीचे नाव तो सुचवू शकतो. म्हणून ती सूचना आढळाच्या प्रदेशाशी ताडून पाहावी लागते. ब्रिटनमध्ये हार्मोनिया ॲक्सिरिडिस २००४ साली पोहोचल्याचे आढळल्यानंतर तिचा प्रसार नोंदविण्यासाठी लोकांकडून छायाचित्रे मागविण्यात आली व ती तज्ञांनी तपासली. ठळक रंगाची जात असल्याने हा प्रयोग यशस्वी झाला; सोंड्यांच्या बाबतीत तो होण्यासारखा नव्हता.

२०१५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका माशीची नवी जात, नमुना हाती न राहिल्यामुळे, केवळ छायाचित्रांवरून जाहीर करण्यात आली; त्यावर प्राणिशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला आणि २०१७ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने अशा वर्णनांविषयी शिफारशी केल्या. भुंगेऱ्यांच्या नव्या जातीचे वर्णन करताना नराच्या जननेंद्रियाची आकृती देण्याची प्रथा अनेक कुलांत आजही पाळली जाते.