ती मान आणि तो मान

मुलांनो, 'मान' हा शब्द वाक्यात वापरून दाखवा पाहू! कुणी म्हणेल, "माझी मान दुखते." कुणी म्हणेल, "आजोबांना गावात मोठा मान आहे." शब्द एकच, पण 'ती मान' म्हणजे शरीराचा अवयव आणि 'तो मान' म्हणजे आदर. गंमत अशी, की तो मान मिळाला की ती मान आपोआप ताठ होते. आणि अपमान झाला की खाली जाते.

इंग्रजीच्या पुस्तकात मात्र मानासाठी शब्दांची रांगच लागलेली असते. रिस्पेक्ट, रिगार्ड, एस्टीम, ऑनर, डिग्निटी! पाठ करताना सगळ्यांचा अर्थ आपण 'आदर, मान' असाच लिहून मोकळे होतो. पण प्रत्येकाच्या पोटात वेगळी गोष्ट दडलेली आहे, बरं का. चला, आमच्या महाड-पोलादपूर भागात फिरता फिरता ती शोधू या.

आधी 'रिस्पेक्ट' घ्या. हा मूळचा लॅटिन. 'री' म्हणजे पुन्हा, आणि 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. डोळ्यांवरचे स्पेक्टॅकल्स आणि शाळा तपासायला येणारे इन्स्पेक्टर हे त्याचेच भाऊबंद! एखाद्याकडे वळून पुन्हा पाहावंसं वाटणं, म्हणजे रिस्पेक्ट. पत्राच्या शेवटी आपण लिहितो ते 'रिगार्ड्स'ही पाहण्यावरूनच आलंय. 'एस्टीम'चा भाऊ आहे 'एस्टिमेट', म्हणजे अंदाज, मोल ठरवणं. आपण 'बाजारात त्याची पत आहे' म्हणतो ना, त्याच्या जवळचा हा शब्द. आणि स्वयंपाकघरातल्या कुकरवर वाचलेला 'प्रेस्टिज' कुठून आला, सांगा? ज्या लॅटिन शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ होता हातचलाखी, जादूगाराचा खेळ! म्हणजे काही वेळा मोठेपणा हा नुसता डोळ्यांना भुलवणारा देखावाही असतो.

आता रायगड चढू या. 6 जून 1674 रोजी इथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा तो माणूस, ती कंपनी स्वतःला 'ऑनरेबल', म्हणजे माननीय, म्हणवून घेई. पण त्या दिवशी महाराजांसमोर वाकून हिऱ्याची अंगठी नजर करायची वेळ त्या माननीय कंपनीच्या वकिलावर आली. स्वतःच्या नावामागे कितीही विशेषणं लावा, खरा मान दुसऱ्याने द्यावा लागतो.

पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे. तानाजी मालुसऱ्यांचं गाव. 1670 साली कोंढाण्यावर ते धारातीर्थी पडले. उमरठला त्यांची समाधी आहे. तिथे गेल्यावर मनात जे दाटून येतं, त्याला इंग्रजीत 'अ‍ॅडमिरेशन' म्हणतात. याच्या मुळाशी आहे आश्चर्य. चमत्काराचा 'मिरॅकल' आणि आरशाचा 'मिरर' याच कुळातले. "माणूस असंही करू शकतो?" असं वाटून आपण थक्क होतो, तेच हे.

महाडहून रायगडाकडे निघालं की नाते गाव लागतं. 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामणराव देशमुख इथे जन्मले. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1944 साली ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. हो, तोच शब्द, जो तुम्ही वर्गात दिवसातून शंभर वेळा म्हणता! 'सर'चं मूळ लॅटिनमध्ये 'सिनियर', म्हणजे वयाने वडील. राजाने द्यायचा किताब आमच्यासारख्या शिक्षकांना तुम्ही फुकट देऊन टाकता, पाहा!

आता महाड गावातच या. इथे चवदार तळं आहे. तळं सार्वजनिक. गुरंढोरं त्यात पाणी पीत. पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र बंदी. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. तो सीताराम केशव बोले यांनी मांडला होता. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. पण हे सारं कागदावरच राहिलं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्या लोकांवर हल्ला झाला. तळं 'बाटलं' म्हणून त्याचं शुद्धीकरणही केलं गेलं. खटला दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

विचार करा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, परदेशातल्या मोठ्या पदव्या त्यांच्याजवळ होत्या. तरी गावच्या तळ्यावरचं ओंजळभर पाणी नाकारलं जात होतं. तिथे प्रश्न ऑनरचा नव्हता, किताबाचा तर नव्हताच. प्रश्न होता 'डिग्निटी'चा. लॅटिनमध्ये 'डिग्नस' म्हणजे लायक, योग्य. ऑनर मिळवावा लागतो, एस्टीम कमी-जास्त होतो. पण डिग्निटी माणूस जन्मतःच घेऊन येतो. तिच्यासाठी परीक्षा नसते. हा शब्द आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतही आहे. मराठीत तिथे 'प्रतिष्ठा' म्हटलं आहे.

घटनेतली आणखी एक जोडी मोठ्यांना विचारून पाहा. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. लगेच पुढच्या कलम 18 ने किताब बंद केले. लष्करी आणि शैक्षणिक पदव्या तेवढ्या ठेवल्या. कुणाला जन्मावरून खाली ढकलायचं नाही, आणि किताब लावून कुणाला इतरांच्या वर चढवायचं नाही! 1995 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की भारतरत्न, पद्मश्री हे सन्मान आहेत. ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत.

शेवटी आपल्या मराठीकडे वळू. इंग्रजीत लहान-मोठ्या सगळ्यांना एकच 'यू'. पूर्वी तिथेही एकेरी 'दाऊ' होता, तो हळूहळू मागे पडला. आपल्याकडे मात्र 'तू' आणि 'तुम्ही', 'अरे' आणि 'अहो' ठणठणीत आहेत. म्हणजे तोंड उघडताक्षणी आपण मान देतो किंवा काढून घेतो!

म्हणून या आठवड्यात एक काम करा. आई-बाबांनाही सोबत घ्या. वहीच्या पानाचे दोन भाग करा. घरातले सगळे ज्यांना 'अहो' म्हणतात, ते एका बाजूला आणि ज्यांना 'अरे', 'अगं' म्हणतात, ते दुसऱ्या बाजूला लिहा. डॉक्टर कुठे आले? कचरा न्यायला येणारे काका? भांडी घासणाऱ्या मावशी? 'अरे'च्या बाजूला वयाने मोठं कुणी आहे का, ते पाहा. आईला आपण प्रेमाने 'अगं' म्हणतो, ते सोडून द्या हं! बाकीच्या प्रत्येक नावापाशी थांबा आणि त्या माणसाकडे पुन्हा एकदा नीट पाहा. 'रिस्पेक्ट'चा मूळ अर्थ तोच तर आहे.