स्मार्ट घराचे दप्तर

संध्याकाळ झाली की जिन्यातील दिवा आपोआप लागावा, टाकी भरताच पंप बंद व्हावा, दुकानाचे शटर उघडल्याची सूचना घरबसल्या मिळावी, अशी सोय आता अनेक कुटुंबांत आहे. बहुधा घरातील एखाद्या तरुण मुलाने किंवा सुनेने ती हौसेने बसविलेली असते. पुढे ती व्यक्ती शिक्षणासाठी वा व्यवसायासाठी परगावी जाते आणि एके दिवशी जिन्यातील दिवा लागत नाही. घरात वृद्ध आजी-आजोबा, समोर अंधारा जिना. अशा वेळी त्या यंत्रणेविषयी कोणी काय लिहून ठेवले आहे, हा प्रश्न त्यांच्या सुरक्षिततेचा होतो.

या संदर्भात ‘होम असिस्टंट’ या सॉफ्टवेअरचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. पाउलुस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये त्याचा आरंभ केला. ते विनामूल्य असून त्याची संपूर्ण रचना सर्वांसाठी खुली आहे. घरातीलच एका लहानशा संगणकावर ते चालते. २०२४ पासून त्याचा कारभार ‘ओपन होम फाउंडेशन’ या स्वित्झर्लंडमधील ना-नफा संस्थेकडे आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे, कुलपे, कॅमेरे व मीटर या सॉफ्टवेअरला जोडणारा जो भाग असतो, त्यास ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. अशी इंटिग्रेशन्स हजाराहून अधिक असून प्रत्येकाचे स्वतंत्र माहितीपान असते.

विशेष असे की, येथे इंटिग्रेशनची प्रतवारी करताना लिखित माहितीही तपासली जाते. कांस्य, रौप्य, सुवर्ण व प्लॅटिनम अशा चार श्रेणी आहेत. कांस्य श्रेणीसाठी जोडणी कशाची आहे, ती कशी बसवावी आणि कशी काढावी, हे लिहिणे आवश्यक असते. रौप्य श्रेणीत बसविताना व नंतर भरावयाच्या प्रत्येक रकान्याचा खुलासा करावा लागतो. सुवर्ण श्रेणीत कोणती उपकरणे चालतात, माहिती कशी अद्ययावत होते, मर्यादा कोणत्या आणि बिघाड झाल्यास काय करावे, हेही सांगावे लागते.

यांपैकी दोन बाबी कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, माहिती कोठून येते. काही उपकरणे घरातील नेटवर्कवरूनच बोलतात, तर काही कंपनीच्या दूरच्या सर्व्हरमार्फत. दुसऱ्या प्रकारात इंटरनेट खंडित झाले की होम असिस्टंटचा त्या उपकरणाशी संपर्क तुटतो. दाराच्या कुलपाविषयी ही गोष्ट खरेदीपूर्वीच कळलेली बरी. दुसरी बाब मर्यादांची. मालातील उणीव आधीच सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. जे होत नाही ते स्पष्ट लिहिणारे माहितीपानही असाच विश्वास मिळविते.

मग अनेक पाने अपुरी का राहतात? लिहिणाऱ्यास सर्व ठाऊक असते, हेच त्याचे मुख्य कारण. मुरलेल्या मुनिमाने रोजमेळात केवळ ‘नेहमीप्रमाणे’ असा शेरा मारावा आणि नव्या कारकुनाने तो वाचून स्तब्ध व्हावे, तसे हे आहे. ‘होस्ट भरा’ एवढीच सूचना जाणकारास पुरते; नवख्यास नाही. तीच अशी लिहिता येईल: ‘या रकान्यात उपकरणाचा आयपी पत्ता भरावा. तो राउटरमधील उपकरणांच्या यादीत सापडतो. राउटरमध्ये तो पत्ता त्या उपकरणासाठी राखून ठेवावा. अन्यथा पत्ता बदलल्यास जोडणी तुटू शकते.’ त्याचप्रमाणे फिलिप्स ह्यूचे दिवे जोडताना त्यांच्या ब्रिजवरील बटण प्रत्यक्ष दाबावे लागते. अशी एक पायरी लिहावयाची राहिली, तर पुढील सर्व पायऱ्या व्यर्थ ठरतात.

म्हणूनच सुधारणा सुचविण्यास सर्वांत योग्य व्यक्ती म्हणजे नुकताच अडखळून मार्ग सापडलेला वापरकर्ता. आपण कोठे थांबलो, हे त्याच्या स्मरणात ताजे असते. होम असिस्टंटच्या माहितीपानावर दुरुस्ती सुचविण्याचा दुवा असतो. तेथून ‘गिटहब’वर जाऊन मजकुरात बदल प्रस्तावित करता येतो, जाणकार तो तपासतात आणि मगच स्वीकारतात. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येणे आवश्यक नाही. एका प्रस्तावात एकच सुधारणा असावी, वाक्ये लहान असावीत, पायऱ्या ज्या क्रमाने कराव्या लागतात त्याच क्रमाने लिहाव्यात, आणि लिहिलेली प्रत्येक पायरी स्वतः करून पाहावी. उदाहरणात आपला खरा पासवर्ड वा घराचा पत्ता चुकूनही जाऊ देऊ नये.

तथापि, ही पाने इंग्रजीत आहेत आणि सर्वांसाठी आहेत. आपल्या घराचे दप्तर आपणच ठेवावयाचे असते. एका साध्या वहीत प्रत्येक उपकरणाचे नाव, ते कोणत्या खोलीत आहे, कोणत्या खात्याशी जोडले आहे, इंटरनेट नसताना चालते की नाही, आणि ते हाताने कसे चालवावे, हे मराठीत लिहावे. पासवर्ड त्या वहीत न लिहिता स्वतंत्र ठिकाणी जपून ठेवावेत. बदल केला की तारीख टाकून नोंद करावी. मग ती वही आजोबांच्या हाती देऊन, त्यांना काहीही न सांगता, जिन्यातील दिवा लावण्यास सांगावे. ते जेथे थांबतील, तेथे वहीत एक ओळ कमी आहे असे समजून ती त्याच दिवशी लिहावी.