मेंदू घडताना लाखो पेशी मरतात, आणि ते गरजेचंही असतं. असं का?

जून २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडू लागले आणि सगळ्यांचं लक्ष गेलं ते गरोदर महिलांकडे. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा थोडा ताप आणि अंगावर पुरळ, एवढ्यावरच सोडणाऱ्या या विषाणूची इतकी धास्ती कशासाठी?

उत्तर पोटातल्या बाळाच्या मेंदूत आहे. तिथे कोणत्या पेशीने वाढायचं, कोणी थांबायचं आणि कोणी जगायचं, याचा हिशेब सतत चालू असतो.

पेशी वाढतात कशा?

सुरुवातीला मेंदूत मूलपेशी असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा त्या झपाट्याने वाढतात. मग पद्धत बदलते. विभाजनानंतर एक पेशी मूलपेशीच राहते आणि दुसरी चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन होते. एकदा चेतापेशी झाली की तिचं विभाजन कायमचं थांबतं.

पण ती गप्प बसत नाही. शेजारच्या मूलपेशींच्या पृष्ठभागावर ‘नॉच’ नावाचं प्रथिन असतं. त्यामार्फत ती निरोप देते, ‘तुम्ही एवढ्यात चेतापेशी होऊ नका.’ हा निरोप पोहोचला नाही तर मूलपेशींचा साठा लवकर संपतो आणि मेंदू लहान राहू शकतो.

मग पेशी मरतात कशाला?

चेतासंस्थेच्या अनेक भागांत गरजेपेक्षा जास्त चेतापेशी तयार होतात. काही ठिकाणी तर त्यातल्या जवळपास निम्म्या मरतात.

याचं कोडं सोडवलं इटलीच्या रिटा लेवी-मोंटालचिनी यांनी. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या रिटा यांना विद्यापीठाचं दार बंद झालं. त्यांनी घरातल्या बेडरूममध्येच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणांवर प्रयोग केले.

भ्रूणाच्या पायाचा कोंब काढला की तिथे जाणाऱ्या चेतापेशी कमी दिसायच्या. त्या तयारच होत नाहीत, असा तेव्हाचा समज होता. रिटा यांना दिसलं की त्या तयार होतात, पण नंतर मरतात.

पुढे अमेरिकेत स्टॅनली कोहेन यांच्यासोबत त्यांनी यामागचं प्रथिन शोधलं: नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. चेतापेशी ज्या अवयवाशी जोडली जाते, तिथून तिला हे प्रथिन मिळतं. ते मोजकंच असतं. ज्यांना मिळतं त्या जगतात, बाकीच्या स्वतःला शिस्तीत संपवतात. त्यामुळे जोडण्या गरजेपुरत्याच उरतात. या शोधाला १९८६ मध्ये नोबेल मिळालं.

मरण थांबवलं तर? पेशी मरण्यासाठी लागणारं ‘कॅस्पेज-९’ हे एन्झाइम नसलेल्या उंदरांमध्ये मेंदूत पेशींची बेसुमार गर्दी झाली. त्यातले बहुतेक जन्माआधी किंवा जन्मानंतर लगेच दगावले.

झिका नेमकं काय बिघडवतो?

तो थेट मूलपेशींवर हल्ला करतो. त्यांचं विभाजन मंदावतं आणि त्या अवेळी मरतात. चेतापेशी कमी पडतात, मेंदू आणि डोकं लहान राहतं. यालाच मायक्रोसेफली म्हणतात. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये अशी बाळं मोठ्या संख्येने जन्मली आणि जग हादरलं.

लागण झालेल्या प्रत्येक गरोदर महिलेच्या बाळाला हा त्रास होतोच असं नाही. पण झिकावर अजून मान्यताप्राप्त लस नाही आणि त्याचा एडिस डास दिवसाही चावतो. त्यामुळे घरात कोणी गरोदर असेल तर कूलर, कुंड्या आणि पिंपातलं साचलेलं पाणी आजच बघा. आणि ताप आलाच तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.