हमरस्त्यावरची मोटारसायकल आणि अंधारातल्या पाच साखळ्या



या पानांवर आपण नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि हुमणी यांविषयी वाचता. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण परका नाही. पूर्वी गावात एखाद्याच्याच दारात फटफटी असायची, आणि तिचा आवाज आला की पोरं मागे धावायची. आता बहुतेक प्रत्येक सभासदाच्या घरी मोटारसायकल आहे. डेअरीला दूध घालायचे, रात्री लाइट आली की मोटर चालू करायला मळ्यात जायचे, मुलीला कॉलेजच्या एस.टी.वर सोडायचे, तोड कधी येणार हे विचारायला गट ऑफिसात जायचे, सगळे तिच्यावरच. तिच्याशिवाय शेतकऱ्याचे पान हलत नाही, हे खरेच आहे.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने २०२२ सालचे जे आकडे दिले आहेत, ते पाहा. त्या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली शेकडा ४४ ते ४५ माणसे दुचाकीवरची होती. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातल्या सगळ्या रस्त्यांच्या शेकडा दोनच्या आसपास आहे, पण शेकडा ३६ मृत्यू त्या तेवढ्या रस्त्यांवर झाले. आपल्या भागाचे सांगायचे तर पुणे-बेंगळूर रस्ता (पूर्वीचा चार नंबर, आता अठ्ठेचाळीस) किंवा पुणे-सोलापूर रस्ता (पूर्वीचा नऊ, आता पासष्ट) उसाच्या पट्ट्यातूनच जातो. गाव एका अंगाला आणि मळा दुसऱ्या अंगाला, असे कितीतरी सभासद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळातच बंदी आहे. बाकीच्या हमरस्त्यांवर मात्र आपण, कंटेनर आणि उसाची ट्रॉली एकाच डांबरावर असतो.

गळीत हंगामात, अंधार पडल्यावर, पुढे उभी असलेली किंवा सावकाश चाललेली उसाची ट्रॉली मोटारसायकलवाल्याला वेळेवर दिसत नाही. हा अपघात आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो "नशिबात होते" म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्याचे गणित सरळ मांडता येते.

जमिनीच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे गुंठ्याची एक बाजू. तीच हिशेबाला घेऊ. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ५५ फूट जाते. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून हातपाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी अडीच साखळ्या पुढे गेलेली असते, आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. पुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत, कोरड्या डांबरावर आणि टायर चांगले असताना, आणखी पावणेतीन साखळ्या. म्हणजे एकूण पाच साखळ्यांच्या वर. ताशी ८० ला हाच हिशेब आठ साखळ्यांवर जातो. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला, पण थांबण्याचे अंतर दीडपटीच्या वर गेले.

आता दिव्याचे पाहा. साध्या मोटारसायकलच्या डिपरवर काळपट, दिवा नसलेली वस्तू दिसते ती साधारण १०० ते १३० फुटांवर. म्हणजे तीन किंवा फार तर चार साखळ्या. थांबायला पाच लागतात आणि दिसते चारवर. राहिलेली एक साखळी कुठून आणायची? ताशी ४० वर मात्र गाडी तीन साखळ्यांत थांबते, आणि गणित जमते. अंधारात, रस्त्यावर दिवे नसतील तिथे, चाळीस-पंचेचाळीसच्या वर काटा जाऊ देऊ नये असे म्हणतात ते एवढ्यासाठी. अप्परवर लांबचे दिसते, पण हमरस्त्यावर समोरून सारखी वाहने येतात, त्यामुळे अप्पर ठेवता येत नाही. शिवाय समोरच्याने अप्परच ठेवला तर त्याची गाडी निघून गेल्यावरही दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी राहते. तीन सेकंद म्हणजे ६० च्या वेगाने पुन्हा पाच साखळ्या, डोळे झाकल्यासारख्या. पन्नाशीनंतर ही अंधारी जास्त वेळ टिकते. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर विचारूच नका.

ट्रॉलीची बाजूही पाहिली पाहिजे, कारण ट्रॉलीतला ऊस आपलाच असतो. ट्रॉली भरली की मोळ्यांची टोके मागे लोंबतात आणि मागचा दिवा त्यांच्यात झाकून जातो. पुष्कळ ट्रॉल्यांना दिवा असतो, पण वायर तुटलेली असते. रिफ्लेक्टर असलाच तर तो शेतातल्या चिखलाने माखलेला. दोन ट्रॉल्या जोडल्या की मागची तर पूर्णच अंधारात. काही जण मागे लाल फडके बांधतात. दिवसा त्याचा उपयोग आहे, रात्री काडीचाही नाही. फडक्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. रिफ्लेक्टरची पट्टी तोच उजेड, जिकडून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून दिवा कमी असला तरी लांबून चमकते. म्हणजे चार साखळ्यांवर दिसणारी ट्रॉली कितीतरी आधी दिसू लागते. एवढी स्वस्त वस्तू शेतीच्या दुसऱ्या कुठल्या कामात एवढे काम करत असेल असे वाटत नाही. मात्र पट्टी मागे दोन्ही टोकांना हवी, म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे ते कळते. मधोमध एकच चकती लावली तर पाहणाऱ्याला सायकल वाटते.

तसाच घोटाळा समोरून होतो. ट्रॅक्टरचा एक दिवा गेलेला असला, आणि तो उजवीकडचा असला, की समोरच्याला वाटते मोटारसायकल येते आहे. तो तेवढीच जागा सोडतो, आणि अंधारातला अर्धा ट्रॅक्टर त्याच्या अंगावर येतो.

पंक्चर झालेली किंवा पाटा तुटलेली ट्रॉली रस्त्यावरच उभी करून भोवती दगड मांडायची आपली पद्धत आहे. चाक बदलून झाल्यावर ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात. हे दगड उचलणे हे ड्रायव्हरचे काम, पण त्याला ते सांगणे ज्याचा ऊस आहे त्याचे. दर हंगामात पोलीस आणि आर.टी.ओ.ची माणसे कारखान्यांवर येऊन रिफ्लेक्टर लावतात, त्याचे फोटोही छापून येतात. पण गाडी भरून शेतातून बाहेर काढताना तिथे पोलीस नसतो, आपण असतो. मागची पट्टी ओल्या फडक्याने पुसायला अर्धे मिनिट लागते. बैलगाडीवानांनाही हेच. ते लांबच्या जिल्ह्यातून आलेले असतात आणि पहाटे तीनला गाडी जुंपतात. गाडीच्या मागच्या बाजूला पट्टी लावून द्यायला त्यांना कोणी सांगायचे?

मोटारसायकलवाल्याकडे परत येऊ. आपल्याकडे पुढचा ब्रेक दाबायचा नाही असा एक समज घट्ट बसलेला आहे. "पुढचा दाबला की गाडी उलटते." हे अर्धवट खरे आहे. वाळूवर, चिखलावर किंवा वळणावर हँडल तिरके असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला तर गाडी जरूर घसरते. पण सरळ, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक लागला की सगळे वजन पुढच्या चाकावर येते. मागचे चाक हलके होते आणि नुसते घासत जाते. फक्त पायाच्या ब्रेकवर विसंबणारा माणूस पाच साखळ्यांच्या जागी सात-आठ घेतो. दोन्ही ब्रेक बरोबर, आणि पुढचा दाबत दाबत वाढवायचा, झटक्याने नाही. २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना चाक न अडकू देणारी ए.बी.एस. पद्धत आणि त्याखालच्यांना दोन्ही चाके मिळून ब्रेक लागण्याची सोय सक्तीची झाली. पण दारातली गाडी त्याआधीची असेल, तर हे काम हातालाच शिकवावे लागते. मळ्याच्या रिकाम्या रस्त्यावर एक दिवस सराव करून पाहावा. कारखान्याच्या आसपास सांडलेला ऊस, वाढे आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो आणि दव पडले की तो शेवाळासारखा होतो. तिथे मात्र आधीच हळू व्हावे, ब्रेकवर विसंबू नये.

आता डोक्याविषयी. ताशी ६० ने उभ्या ट्रॉलीवर आदळणे म्हणजे ४५ फूट खोल कोरड्या विहिरीत पडणे. वेगाच्या नियमाने तेवढाच मार बसतो. ४० ला विहीर वीस फुटांची होते, ८० ला ऐंशीच्या वर जाते. तेव्हा हेल्मेट हा काही ताईत नव्हे. पण बहुतेक वेळा माणूस सरळ आदळत नाही. तो घसरतो, पडतो, आणि डोके गाडीवरच्या उंचीवरून डांबरावर आपटते. तिथे हेल्मेट काम करते. बाहेरचे कवच नुसते झाकण आहे. खरे काम आतल्या थर्माकोलचे. तो चेपतो आणि डोक्याला थांबायला इंचभर जागा देतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी कामाचे राहत नाही, आणि बांधकामावरची टोपी घालून काही साधत नाही. आय.एस.आय.ची खूण पाहूनच घ्यावे. १ जून २०२१ पासून त्या खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला मिळतेच.

हे शास्त्र कसे सुरू झाले तेही ऐकण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात गाजलेला अरबस्तानचा लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडात मोटारसायकलवरून पडून, डोक्याला मार लागून वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या डॉक्टरांनी पुढे मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. त्यानंतर ब्रिटिश लष्करात निरोप्या शिपायांना हेल्मेट सक्तीचे झाले. अलीकडे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका शेकडा ४२ ने आणि डोक्याच्या इजेचा ६९ ने कमी होतो असे निघाले. "डोकं गरम होतंय", "इथंच तर जायचंय" ही कारणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. आरशाला अडकवलेले हेल्मेट आरशालाच वाचवते. पट्टा न बांधलेले हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोहोचते. कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि चार वर्षांवरच्या मुलांनाही. घरातल्या बाईमाणसांना हेल्मेट नको आणि आपल्याला हवे, हे कुठले शहाणपण?

बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, तेव्हा पदर किंवा ओढणी चाकात जाण्याची भीती असते. मागच्या चाकाला जाळी आणि मागे बसणाऱ्याला धरायला आधार असावा असा नियमच आहे. पुष्कळ तरुण शोभा जाते म्हणून ती जाळी काढून टाकतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती परत बसवून घ्यावी. वाढ्याचा भारा आडवा टाकून नेणे हेही तसेच. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट बाहेर आलेला भारा मागचा दिवा झाकतो, आणि शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने गाडी ओढली जाते. भारा उभा आणि आटोपशीर बांधावा, दोन खेपा झाल्या तरी चालतील.

दुभाजकाचा कट किलोमीटरभर लांब आहे म्हणून उलट्या बाजूने जाण्याची सवय तर आता सगळीकडेच झाली आहे. समोरचा ६० ने येतो आणि आपण ४० ने, म्हणजे अंतर १०० च्या वेगाने संपते. पाच साखळ्यांचा हिशेब तिथे दोघांचा मिळून होतो, आणि समोरचा आपल्याला शोधतही नसतो. एक किलोमीटरला पेट्रोल लागते ते चमचाभर.

इतके करूनही अपघात झाला, तर १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, मान हलते. रस्त्यातून बाजूला घ्यावेच लागले तर डोके आणि मान सरळ धरून घ्यावे. पाणी पाजू नये. "पोलिसांची कटकट नको" म्हणून पुष्कळ जण बघून पुढे जातात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले आहे. मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला होत नाही, आणि त्याची इच्छा नसेल तर नाव सांगायची सक्तीही नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने योजना काढली आहे, तिच्यात जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळतो. रुग्णालयात गेल्यावर हे नाव घेऊन विचारावे.

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. अपघाती मृत्यू झाल्यास शेतकऱ्याच्या वारसाला त्यातून दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा, आणि उशीर करायचा नाही. मात्र शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर चालू मुदतीचे लायसन्स मागतात, आणि दारू पिऊन चालवत होता असे निघाले तर अर्ज बाद होतो. सातबारा आणि ऊस नोंदीची पावती आपण जपून ठेवतो, त्याच पेटीत लायसन्स आणि गाडीचा विमा आहे का, आणि त्यांची मुदत कधीपर्यंत आहे, ते आज संध्याकाळी काढून पाहावे.