रक्ताच्या पिशवीपासून जनुकाच्या कात्रीपर्यंत

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की पहिले स्टेशन लागते विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरची हद्द. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या पट्ट्यात लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली. बराकी कधीच गेल्या, पण ‘कॅम्प नंबर चार’ हा पत्ता अजून रिक्षावाल्याला सांगितला की पुरतो.

निर्वासितांनी आपली भाषा आणली, व्यापाराची जाण आणली. त्यांच्यापैकी कित्येकांच्या रक्तातून आणखी एक गोष्ट आली, जिची कोणालाच कल्पना नव्हती. ती म्हणजे बीटा थॅलेसेमियाचे, हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे, जनुक. भारतात साधारण शंभरांत तीन-चार माणसे या दोषाची वाहक असतात. सिंधी समाजात हे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे. लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी या समाजांतही ते ठळक दिसते आणि मराठी घरेही त्यातून सुटलेली नाहीत. सिंधी कुटुंबांत आढळणारा दोषाचा एक प्रकार तर अभ्यासकांच्या चांगला ओळखीचा आहे. त्यात बीटा ग्लोबिनच्या जनुकातला ६१९ अक्षरांचा सलग तुकडाच गायब असतो.

असा दोष पिढ्यानपिढ्या टिकला कसा? उल्हासनगरची कोनशिला बसली त्याच सुमारास, १९४९ मध्ये, पुढे भारतात स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी याचे उत्तर सुचवले. दोषाची एकच प्रत असणाऱ्या माणसाला मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यापासून थोडे संरक्षण मिळते. जिथे शतकानुशतके मलेरिया होता, तिथे असे वाहक जगले आणि वाढले. यात कोणत्याही समाजाचा दोष नाही, कमीपणा तर मुळीच नाही.

वाहकाला, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मायनर’ला, सहसा काहीही त्रास होत नाही. आई आणि वडील दोघेही मायनर असले तर मात्र प्रत्येक गर्भारपणात बाळाला दोन्हीकडून सदोष प्रत मिळण्याची शक्यता चारात एक. तो ‘मेजर’.

मेजर असलेले बाळ जन्मताना धडधाकट असते. पोटात असताना त्याचे हिमोग्लोबिन बीटाऐवजी गॅमा साखळ्यांनी बनलेले असते आणि गॅमाचे जनुक शाबूत असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमा बंद करून बीटाकडे वळते, आणि बीटा तर बनतच नाही. मूल पांढरे पडते, वजन वाढत नाही, पानथरी सुजून पोट पुढे येते. तिथून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणे सुरू होते, ते आयुष्यभर. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, माणसे गावी जातात, रक्तदान शिबिरे रोडावतात. या घरांना तो महिना उन्हापेक्षा पिशवीच्या काळजीने जड जातो.

रक्ताबरोबर लोहही येते. एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते आणि ते बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचते. पूर्वी त्यावर एकच औषध होते. पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची आणि छोट्या पंपाने आठ-दहा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री, ते हळूहळू सोडत राहायचे. औषध महाग, पंप महाग आणि मुलाच्या झोपेचे हाल वेगळेच.

या गोष्टीत मुंबईचे एक मोठे काम आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. लोह बाहेर काढणारी तोंडाने घ्यायची गोळी, डेफेरिप्रोन, लंडनमध्ये शोधली गेली होती, पण तिच्या पाठीशी उभे राहायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. मुंबईत डॉ. एम. बी. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांवर तिच्या दीर्घ चाचण्या घेतल्या. त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर सिप्लाने ‘केल्फर’ या नावाने ती नव्वदच्या दशकाच्या मध्यात बाजारात आणली. जगात सर्वप्रथम ही गोळी भारतात मिळू लागली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी तिला २०११ मध्ये मिळाली.

रक्त आणि गोळी यांनी आयुष्य वाढते, आजार जात नाही. तो घालवायचा पहिला मार्ग म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. त्यासाठी जुळणारा दाता लागतो आणि सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. बोरिवलीला मुंबई महापालिकेचे खास थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र आहे. कोल इंडियाच्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून २०१७ पासून प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. ज्यांना दाता जुळला त्यांच्यासाठी हे वरदान आहे. बाकीच्या मुलांचे काय, हा प्रश्न कालपरवापर्यंत तसाच होता.

त्याचे उत्तर आले क्रिस्परमधून. जिवाणू विषाणूंचा डीएनए कापण्यासाठी जे हत्यार वापरतात, ते हव्या त्या जागी चालवता येते, हे एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवले. २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. थॅलेसेमियात गंमत अशी, की बिघडलेले बीटा जनुक दुरुस्त करण्याची गरजच पडली नाही. जन्मानंतर गॅमा बंद करणारा ‘बीसीएल११ए’ नावाचा पहारेकरी आधीच सापडला होता. रक्ताच्या मूळपेशींत त्याला जोर देणारी जागा कापली, की बंद झालेले गॅमा हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते आणि बीटाची उणीव भरून निघते. बाहेरचा दाता नको, पेशी रुग्णाच्याच.

व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेरप्युटिक्स या कंपन्यांच्या या उपचाराला, ‘कॅसजेव्ही’ला, ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. असा परवाना मिळालेला क्रिस्परचा हा जगातला पहिला उपचार. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुरेसा काळ लक्ष ठेवलेल्या ३५ थॅलेसेमिया रुग्णांपैकी ३२ जणांना सलग किमान वर्षभर रक्त चढवावे लागले नाही. हे सोपे मात्र नाही. आधी मूळपेशी काढून कारखान्यात पाठवतात. त्या बदलून परत यायला महिने लागतात. मग जुना मॅरो रिकामा करण्यासाठी कडक केमोथेरपी द्यावी लागते. तिच्यामुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. नव्या पेशी नसेतून काही मिनिटांत जातात, पण त्या रुजेपर्यंत रुग्णालयात एकट्या खोलीत कित्येक आठवडे काढावे लागतात.

आणि किंमत? अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून जास्त.

विठ्ठलवाडीच्या एखाद्या दुकानदाराच्या मुलीसाठी हा आकडा म्हणजे उपचार नसल्यासारखेच. म्हणूनच जैवतंत्रज्ञानातली आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची बातमी शोधाची नाही, तो शोध आपल्या हाताने आणि आपल्याला परवडेल असा करता येतो का, ही आहे. करता येतो, याचा एक पुरावा मुंबईतच आहे. पवईच्या आयआयटीतले राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलमधले डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरूला यांच्या चमूने ‘नेक्सकार१९’ ही कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती घडवली. यातही रुग्णाच्याच पेशी काढायच्या, त्यांत जनुक घालायचे, वाढवून परत द्यायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला देशात परवानगी मिळाली. अमेरिकेत अशा उपचाराच्या नुसत्या औषधाला तीन-चार कोटी पडतात. इथे सगळे चाळीस-पन्नास लाखांच्या आत आले. तेही फार आहेत, पण १८ कोटींपुढे हतबल झालेल्या माणसाला दिशा कळावी, इतपत ते पुरेसे आहे. जनुक पोचवणाऱ्या विषाणूपासून पेशी वाढवण्यापर्यंतचे काम इथेच झाले, म्हणून हे साधले.

दुसरी बातमी नोव्हेंबर २०२५ मधली. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने सिकल सेलवरचा स्वदेशी क्रिस्पर उपचार जाहीर केला, बिरसा मुंडांच्या नावाने ‘बिरसा १०१’, आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. सिकल सेल गडचिरोली-नंदुरबारचा, आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांचाही. थॅलेसेमिया आणि सिकल सेल दोन्ही एकाच बीटा ग्लोबिन जनुकातले आजार, आणि मूळपेशी काढणे, कापणे, परत देणे ही कसबे दोन्हींना सारखीच लागतात. पाड्यावरच्या मुलासाठी उभारलेला कारखाना कॅम्पातल्या मुलाच्याही उपयोगी पडावा, अशी मागणी आत्ताच लावून धरली पाहिजे. रुग्णांवर या उपचाराच्या चाचण्या नीट, घाई न करता व्हाव्यात, हेही तितकेच खरे.

पण पुढच्या पिढीसाठी कारखान्याची वाट पाहायची गरज नाही. एका काचेच्या नळीत ०.३६ टक्के मिठाचे पाणी घ्यायचे, त्यात रक्ताचा एक थेंब टाकायचा, अर्धा तास थांबायचे आणि नळीमागे पांढऱ्या कागदावर काळी रेघ धरायची. साध्या तांबड्या पेशी त्या पाण्यात फुटतात, पाणी नितळ लाल होते, रेघ स्पष्ट दिसते. वाहकाच्या पेशी चिवट असतात, फुटत नाहीत. पाणी गढूळ राहते आणि रेघ दिसत नाही. ‘नेस्ट्रॉफ्ट’ नावाची ही चाचणी काही रुपयांत होते. रेघ दिसली नाही किंवा पुसट दिसली तर पुढची एचबीए-२ तपासणी काही शे रुपयांत खात्री करून देते. साध्या सीबीसीतही खूण असते. पेशी लहान, संख्या मात्र भरपूर. ती बघून अनेकदा लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि खरे कारण तसेच राहते.

तपासणी कधी करावी, याबद्दल आग्रह धरायला हवा. साखरपुडा झाल्यावर रिपोर्ट आला तर बोट बहुतेक वेळा मुलीकडेच रोखले जाते. तपासणी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, मुलगे-मुली सगळ्यांची एकदम व्हावी. सायप्रसने सत्तरच्या दशकापासून लग्नाआधीची तपासणी नेटाने राबवली आणि तिथे मेजर बाळांचा जन्म जवळजवळ थांबला. दोन मायनरांनी लग्न मोडायचीही गरज नसते. गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन बाळाचे जनुक तपासता येते. परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची रक्तविकार संस्था हे काम ऐंशीच्या दशकापासून करत आली आहे आणि विठ्ठलवाडीहून परळ एका लोकलच्या अंतरावर आहे. मात्र जोडप्याने तिथे वेळेत पोचायचे, तर दोघांचे एचबीए-२ रिपोर्ट त्याआधीच हातात असावे लागतात.