डिस्क आपली, किल्ली बॉक्सची

कांद्याची चाळ कशी बांधावी, हे आळ्याच्या माझ्या वडिलांनी २०१२ साली टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात सांगितले होते. जेमतेम सहा मिनिटे. घरी डीटीएचचा बॉक्स होता आणि त्याला बाहेरून जोडलेली पाचशे जीबीची हार्ड डिस्क. मी रेकॉर्डिंग लावले आणि निश्चिंत झालो. वडील २०१४च्या जूनमध्ये गेले. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला पाहुण्यांना ते दाखवायचे ठरले होते. पण आठवडाभर आधी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि बॉक्स जळाला.

डिस्क शाबूत होती. नवा बॉक्स आला, डिस्क जोडली, तर पडद्यावर अक्षरे आली : डिस्क फॉरमॅट करा. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणे. संगणकाला जोडली, तर तोही तेच म्हणाला. आई विचारत होती, "अरे, डिस्क तर आपलीच ना?"

डिस्क आपलीच, पण तिची किल्ली बॉक्सकडे. ते कसे, हे समजून घेऊ.

आमच्याच जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ साली उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले. तेव्हा उपग्रहाशी बोलायला प्रचंड थाळी लागे. २००३पासून भारतात डीटीएच आले आणि छोटी थाळी घराच्या छपरावर बसली. सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारे चित्र आधीच आकड्यांत रूपांतरित झालेले आणि दाबून लहान केलेले असते. बॉक्स तेच आकडे डिस्कवर उतरवतो, म्हणून रेकॉर्डिंग मूळ चित्राइतकेच स्वच्छ दिसते. साध्या चित्राला तासाला साधारण एक-दीड जीबी जागा लागते, एचडीला तीन-चार. म्हणजे पाचशे जीबीत साध्या चित्राचे तीनशेहून जास्त तास मावतात, एचडीचे सव्वाशे-दीडशे.

मात्र पैसे भरून पाहायच्या वाहिन्या कुलूपबंद येतात. त्यांच्या प्रती बाजारात फिरू नयेत, म्हणून असे बॉक्स रेकॉर्डिंग डिस्कवर ठेवतानाही कुलूप लावतात. त्याची किल्ली त्या एका बॉक्सच्या चिपमध्ये असते. तोच बॉक्स गेला की किल्ली गेली. काही ठिकाणी तर वर्गणी थांबली तरी जुने रेकॉर्डिंग उघडत नाही. पूर्वीची व्हीसीआरची कॅसेट शेजारच्या घरी नेऊन लावता येई. इथे तसे नाही. उलट, मोफत डिशच्या वाहिन्या अनेक वर्षे कुलुपाविना येत. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणाऱ्या साध्या बॉक्सवर त्यांची फाइल बहुधा संगणकावरही उघडे.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिस्क जोडताना बॉक्स फॉरमॅट मागतो, म्हणून फोटो असलेली डिस्क कधीही लावू नये. वेळ लावून ठेवली आणि नेमकी वीज गेली, तर रेकॉर्डिंग होत नाही. दाट पावसात लहरी क्षीण होतात, मग तेवढा भाग डिस्कवरही कोराच राहतो. आणि वीज चमकू लागली की नुसते बटण बंद करू नये, पिन आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावीत.

मालिका, सामना उद्या पाहायचा असेल, तर ही सोय उत्तम. पण आपल्या माणसाचा चेहरा जपायचा असेल, तर कार्यक्रम लागताच पडद्यासमोर मोबाइल धरून घरापुरते चित्रण करून ठेवावे. चित्र थोडे फिके येईल, पण आवाज राहील. शक्य झाल्यास वाहिनीकडे लगेच प्रत मागावी. वर्षे लोटल्यावर मी विचारले, तेव्हा उशीर झाला होता.

डिस्क अजून कपाटात आहे. त्या सहा मिनिटांतले वडिलांचे एक सांगणे तेवढे मला आठवते : चाळ भरली म्हणजे काम संपले असे नाही, कांदा मधून मधून काढून पाहावा लागतो.